न हलता घेतलेली मेहनत : आयसोमेट्रिक व्यायामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमध्ये मी ताकदीच्या व्यायामाची बॅच घेते, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. डंबेल हातात दिलं की कोणी फारसं काही विचारत नाही. भिंतीला पाठ टेकवून हवेतल्या खुर्चीत बसायला सांगितलं, की मात्र दुसऱ्या मिनिटाला प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण प्रश्नही तसेच आहेत.

आयसोमेट्रिक म्हणजे नेमकं काय?

मंडईतून पाच किलो कांदे-बटाटे घेतलेत. पिशवी एका हातात, कोपर काटकोनात, आणि रिक्षा मिळेपर्यंत तसंच उभं राहायचंय. दंड घट्ट झालाय, पण कोपर उघडतही नाही आणि मिटतही नाही. स्नायूत ताण आहे, सांध्यात हालचाल नाही. हेच आयसोमेट्रिक आकुंचन. ग्रीक भाषेत ‘आयसोस’ म्हणजे सारखं आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. पिशवी छातीशी उचलताना दंडाचा स्नायू आखडतो, ते कॉन्सेंट्रिक. सावकाश खाली ठेवताना तोच स्नायू जोर लावत लावत लांबतो, ते एक्सेंट्रिक.

या तिघांत स्नायूची क्षमता सारखी नसते. भरलेला गॅस सिलिंडर एकट्यानं ओट्याएवढ्या उंचीवर उचलणं अनेकांना जमत नाही. कोणी हातात दिला तर तो क्षणभर धरता येतो, आणि सावकाश खाली उतरवणं तर त्याहून सोपं जातं. उचलण्यापेक्षा धरण्याची ताकद जास्त आणि धरण्यापेक्षा उतरवण्याची जास्त. हा क्रम सगळ्यांच्या अंगात हाच असतो.

वस्तू हललीच नाही, तर काम कसलं झालं?

पुण्यात बॅच घ्यायची म्हणजे इंजिनिअरिंगची मुलं असणारच, आणि हा प्रश्न त्यांचा. काम म्हणजे बल गुणिले अंतर, अंतर शून्य, म्हणून काम शून्य. पुस्तकातलं गणित बरोबर आहे. पण स्नायू म्हणजे भिंतीतला खिळा नव्हे. खिळा वर्षभर कॅलेंडर धरतो आणि त्याला काही खर्च येत नाही. स्नायूला दर क्षणाचा खर्च येतो.

स्नायूच्या आत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन अशा दोन प्रकारचे बारीक धागे असतात. मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. हे धागे एकमेकांवरून सरकतात ही गोष्ट १९५४ साली दोन वेगवेगळ्या संशोधक जोड्यांनी एकाच वेळी मांडली. पकडण्या-सोडण्याच्या प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक कण खर्ची पडतो. बाहेर हात स्थिर दिसतो, तेव्हाही आत या असंख्य टोकांची धरसोड चालूच असते. ती ऊर्जा बाहेर पडते उष्णता म्हणून. खुर्चीत बसल्यावर दीड मिनिटात कपाळावर घाम येतो तो यामुळे.

दुसरं कारण रक्ताचं. स्नायू जोरात आवळला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. चालताना-धावताना स्नायू आवळतो आणि सुटतो, त्यामुळे मध्ये रक्त वाहतं. धरून ठेवताना ती उसंतच मिळत नाही. प्राणवायू कमी पडतो, आत तयार झालेली द्रव्यं बाहेर पडत नाहीत, आणि मांड्यांत आग पेटते. पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोरानं एखादी गोष्ट धरली, तर साधारण मिनिटभरात हात टेकावे लागतात.

यानं खरंच ताकद वाढते का, की नुसता सोस?

वाढते. पण या प्रश्नामागे एक जुना इतिहास आहे, तो समजून घेण्यासारखा आहे.

१९५३ साली जर्मनीत डॉर्टमुंडच्या माक्स प्लांक संस्थेतल्या हेटिंगर आणि म्युलर या दोघांनी लिहिलं, की पूर्ण ताकदीच्या दोन-तृतीयांश जोरानं दिवसातून एकदा फक्त ६ सेकंद स्नायू आवळला, तरी आठवड्याला सुमारे ५ टक्के ताकद वाढते. जगभर खळबळ उडाली. सहा सेकंदांत ताकद मिळत असेल तर कोणाला नको? पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा एवढा वेग हाती लागला नाही.

मग १९६०च्या सुमारास अमेरिकेत बॉब हॉफमन यांच्या यॉर्क इथल्या वेटलिफ्टरांनी लोखंडी चौकटीत बार अडकवून ढकलायला सुरुवात केली, आणि त्यांचे आकडे झपाट्यानं वाढले. हॉफमन यांनी त्याचं श्रेय आयसोमेट्रिकला दिलं, चौकटी विकल्या. मागाहून उघड झालं, की तेच खेळाडू डॉक्टर झिग्लर यांच्या सल्ल्यानं डायनाबोल हे स्टेरॉइडही घेत होते. त्यानंतर लोकांचा विश्वास असा उडाला की पद्धतच अडगळीत गेली.

माझं मत विचाराल तर दोन्ही टोकं चुकीची होती. सहा सेकंदांची जादू खोटी, आणि ‘ते सगळं औषधाचंच होतं’ हेही खोटं. नीट जोर लावून, नियमितपणे केलं तर आयसोमेट्रिकनं ताकद वाढते, हे नंतरच्या कितीतरी अभ्यासांत दिसलं आहे.

ज्या कोनात धरतो तिथेच ताकद वाढते म्हणतात. खरं आहे का?

बरंचसं खरं आहे, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

गुडघा काटकोनात ठेवून महिनाभर भिंतीला बसलात, तर ताकद प्रामुख्यानं त्या कोनात आणि त्याच्या आजूबाजूच्या १५-२० अंशांत वाढते. लांबच्या कोनात फरक कमी पडतो. म्हणूनच रोज खुर्ची घालणारा माणूस पर्वतीच्या पायऱ्या चढताना ‘मला काहीच फरक जाणवत नाही’ म्हणतो. पायरी चढताना गुडघा वाकलेल्या स्थितीतून सरळ होतो. त्या वाटेवरच्या एकाच थांब्यावर त्यानं सराव केलेला असतो.

यात मी स्वतः मार खाल्लाय. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहताना, माझा बार गुडघ्यापाशी अडायचा. मी दहा आठवडे चौकटीच्या पिना गुडघ्याच्या उंचीला लावून बार त्यांच्याखाली अडकवला आणि नुसता वर खेचत राहिले. गुडघ्यापाशी ताकद आली, भरपूर आली. पण तोवर जमिनीवरून बार सोडवणंच कच्चं झालं होतं, कारण तिकडे मी फिरकलेच नव्हते. पुढच्या वेळी तीन उंची ठेवल्या : नडगीच्या मध्यावर, गुडघ्याखाली, मांडीच्या मध्यावर. शिवाय आठवड्यातून एकदा पूर्ण डेडलिफ्ट सोडली नाही. तेव्हा बार हलला.

एक उपयोगी गोष्ट लक्षात ठेवा. स्नायू लांब झालेला असताना धरलं, तर फायदा जास्त कोनांमध्ये पसरतो आणि स्नायूही अधिक वाढतो. म्हणजे एकच कोन निवडायचा झाला तर बैठकीत खालचा निवडा, जोर मारताना छाती जमिनीजवळ असतानाचा निवडा. तिथे धरणं जिवावर येतं, पण मोबदलाही तिथेच आहे.

भिंत ढकलणं आणि वजन धरणं एकच का?

दिसायला एकच, करायला वेगळं. न हलणाऱ्या गोष्टीला ढकलताना (दाराची चौकट, पिनांखाली अडकलेला बार) जोर तुमच्या मर्जीचा असतो, पूर्ण ताकद लावता येते आणि कधीही सोडता येतं. वजन धरताना मात्र ते खाली जाऊ न देणं हेच काम. प्रयोगशाळेत दिसलेली गंमतीची गोष्ट अशी, की बेताचा जोर लागत असेल तेव्हा, तो दोन्हीकडे सारखाच ठेवला, तरी धरणारा ढकलणाऱ्यापेक्षा लवकर थकतो. कारण त्याला जोराबरोबर जागाही सांभाळायची असते.

कमाल ताकदीसाठी मी ढकलायला सांगते. सांध्यांसाठी, कंडरांसाठी (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि सहनशक्तीसाठी धरायला.

किती सेकंद, किती वेळा?

नुसती ताकद हवी असेल तर पूर्ण ताकदीच्या ८० ते १०० टक्के जोर, १ ते ५ सेकंद, आणि एका दिवसात एका स्थितीचे सगळे मिळून ३० ते ९० सेकंद. स्नायू मोठे करायचे असतील तर ७०-७५ टक्के जोर, एका वेळी ३ ते ३० सेकंद, एकूण ८० ते १५० सेकंद. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे.

टक्के घरी मोजायचे कसे? मी बॅचमध्ये दहापैकी गुण द्यायला सांगते. दहा म्हणजे याहून एक कणही जास्त नाही. सात-आठ म्हणजे बोलता येतं, पण शब्द तुटक येतात. जोर पहिल्या सेकंदाला झटक्यात लावू नका. दोन सेकंदांत चढवा, मग धरा.

मी पाच मिनिटं प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरणं) करतो. आता पुढे काय?

पुढे आणखी मिनिटं नकोत. कळकळीनं सांगते, कारण या घड्याळापायी चांगली चांगली माणसं कंबर दुखवून घेतात. पाच मिनिटं धरता येतंय याचा अर्थ जोर फार थोडा लागतोय. दुसऱ्या मिनिटानंतर पोट सुटतं, कंबर खाली झोल खाते आणि भार मणक्यावर लोंबतो. कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल पोट-पाठीच्या स्थिर व्यायामांसाठी १० सेकंदांच्या आसपासच धरायला सांगतात, पुन्हा पुन्हा.

करून बघा : कोपरं टेकवा, कुल्ले आवळा, आणि कोपरं पायांच्या दिशेनं खेचायचा प्रयत्न करा. ती हलणार नाहीत, पण पोट दगड होईल. असा दहा सेकंदांचा प्लँक पाच वेळा झाला, की पाच मिनिटांचा विषय पुन्हा निघत नाही.

मला बीपी आहे. हे करावं की अजिबात नाही?

जुना सल्ला ‘अजिबात नाही’ असा होता आणि त्यामागे कारण होतं. जोरात धरलं, त्यात श्वास कोंडला, की त्या क्षणी रक्तदाब खूप वर जातो. ते आजही खरं आहे.

पण त्या क्षणाचा दाब वेगळा आणि महिन्या-दोन महिन्यांनी दिवसभराचा दाब वेगळा. २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा आणि १५,८२७ जणांचा एकत्रित आढावा छापून आला. आयसोमेट्रिक करणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी ८.२४ आणि खालचा ४ नं उतरला. चालणं-धावणं-सायकल अशा व्यायामात हेच आकडे ४.४९ आणि २.५३ होते. वरचा दाब उतरवण्यात सर्वांत पुढे होती वॉल सिट, म्हणजे शाळेत गृहपाठ न केल्यावर जी खुर्ची करायला लावायचे तीच. आयसोमेट्रिकच्या चाचण्या इतरांपेक्षा पुष्कळ कमी होत्या, तेव्हा ‘चालणं सोडा, खुर्ची घाला’ असा अर्थ काढू नका. तळजाईची सकाळची फेरी चालूच ठेवा.

चाचण्यांमध्ये वापरली जाणारी ठरलेली पद्धत अशी : २ मिनिटं बसणं, २ मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. एका वेळेला १४ मिनिटं लागतात. दोन मिनिटं झेपली पाहिजेत, म्हणून मांड्या जमिनीला समांतर नेण्याचा हट्ट नको. थोडं वरच बसा. आठवड्याला बोटभर खाली सरका.

आता बारीकसारीक, कारण पडणं यातूनच होतं. फरशीवर मोज्यांनी उभं राहू नका, पाय घसरतो. अनवाणी, आणि पाय भिंतीपासून दोन फूट पुढे. शेजारी स्टूल ठेवा, उठताना हात टेकायला. आणि बोलत राहा. आमच्या बॅचला एक काका खुर्चीत बसले की मोठ्यानं पाढे म्हणतात, एकोणतीसचा सुद्धा. पाढा म्हणणारा माणूस श्वास कोंडूच शकत नाही. मी आता सगळ्यांनाच म्हणायला लावते.

गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दाब १८०/११० च्या घरात असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, महाधमनीला फुगा असेल, हर्निया असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा ताजं ऑपरेशन असेल, तर आधी डॉक्टर, मग भिंत.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फिजिओ नुसता टॉवेल दाबायला सांगतात. त्यानं काय होणार?

पुष्कळ होतं. माझ्या मावशीचा गुडघा बदलला तेव्हा मी तिच्या पलंगाशी बसून हे पाहिलंय. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि ‘मावशी, दाब’ म्हटल्यावर काहीच होत नव्हतं. ती तोंड वाकडं करत होती, टाच हलत होती, मांडी मात्र लोण्यासारखी मऊ. सांध्याला सूज आली की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूमच अडवून धरतं. स्नायू शाबूत असतो, पण ऐकत नाही.

मी तिचा हात तिच्याच मांडीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी बोटांखाली काहीतरी हललं. वाटी, म्हणजे गुडघ्यावरचं ते गोल हाड, इंचाचा काही भाग मांडीकडे सरकली. ‘आलं गं,’ ती म्हणाली. पाच सेकंद दाबायचं, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. सांधा वाकवायचा नाही म्हणून टाक्यांना ओढ नाही, आणि स्नायू पुन्हा ऐकायला लागतो. चालण्याची सुरुवात त्या टॉवेलपासून होते. आईला कंटाळा येईल, तेव्हा शेजारी बसा आणि मोजा.

गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, उड्या मारताना जास्त. उपयोग होईल का?

वाटीखालच्या कंडरेचं दुखणं असेल तर होऊ शकतो. २०१५ साली ऑस्ट्रेलियात व्हॉलीबॉल खेळाडूंवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात, ७० टक्के जोरानं ४५ सेकंद, असं पाच वेळा केल्यावर वेदना पाऊण तास तरी दबलेली राहिली. पुढच्या सगळ्या प्रयोगांत इतका आराम दिसला नाही. माझ्याकडे काहींना लगेच बरं वाटतं, काहींना नाही. आठवडाभर करून पाहा, आणि कंडरेला हळूहळू भार द्यायचं मूळ काम त्याच्या नावाखाली टाळू नका.

योगासनं आणि मल्लखांबही आयसोमेट्रिकच ना?

बराच भाग, हो. शिवाजीनगरच्या अय्यंगार योग संस्थेत उत्थित त्रिकोणासन किंवा वीरभद्रासन मिनिट-मिनिट धरायला लावतात, ते पाहिलंय का? दोर, पट्टे, विटा, खुर्च्या वापरून बी. के. एस. अय्यंगारांनी प्रत्येकाला आपापल्या कोनात नीट थांबता येईल अशी सोय केली. कोन बदलून बदलून धरण्याची ही शिस्त ताकदीच्या व्यायामालाही लागू पडते. मल्लखांबावर मांडीची पकड घालून शरीर आडवं धरणारं पोर बघा. दहा सेकंदांत त्याचा जो स्नायू काम करतो, तो जिममधल्या कुठल्याच मशिनवर तसा सापडत नाही.

आसनांत एक मर्यादा आहे. अंगात ताकद आली की तीच आसनं सोपी होतात, आणि भार वाढवायला जागा उरत नाही. तिथे वजन किंवा चौकट लागते.

मी ढोल-ताशा पथकात ध्वज घेते. मिरवणुकीत खांदा उतरतो. काय करू?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो, नदीपात्रात सराव सुरू झाला की. ध्वजाचं वजन काट्यावर फार भरत नाही. त्रास देतो तो लांब दांडा आणि कापडात भरलेला वारा. दांड्याचं टोक जितकं लांब, तितका मनगटावर आणि खांद्यावर पीळ जास्त.

सराव सुरू व्हायच्या दीड-दोन महिने आधी लागा. लांब झाडूच्या दांड्याच्या टोकाला पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली बांधा. दांडा कमरेशी, छातीशी आणि डोक्यावर अशा तीन ठिकाणी २० सेकंद धरा, दोन्ही हात आलटून पालटून. पकडीसाठी ओला पंचा पिळून दहा सेकंद आवळून ठेवा. खांदे कानांकडे चढू देऊ नका. एकदा चढले की मानेचे स्नायू ध्वज उचलायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

यानं पोट कमी होतं का?

नाही. त्यासाठी ताटाकडे बघायला हवं आणि चालायला हवं.

फक्त आयसोमेट्रिक केलं तर चालेल का?

प्लास्टर आहे, सांधा हलवायचा नाही, प्रवासात आहात, तर जरूर. एरवी मी नाही म्हणेन. आयुष्य हालचालीत जातं : जिना, पिशवी, मांडी घालून बसून उठणं. माझ्या बॅचचा हिशोब साधारण असा असतो, की व्यायामाचा पाऊण वेळ हालचालीचा आणि पाव वेळ धरण्याचा. हालचाल जिथे अडते, तिथे धरायचं.

धरताना पाय थरथरतात. थांबू का?

थरथर म्हणजे थकलेल्या तंतूंच्या जागी नवे तंतू कामाला येताहेत आणि त्यांचा ताल अजून जुळलेला नाही. घाबरू नका, दहा सेकंद आणखी धरा. सांध्यात टोचल्यासारखं झालं, चक्कर आली, छातीत दाटलं किंवा डोकं ठणकलं, तर मात्र लगेच सोडा. सोडताना भिंतीवरून खाली घसरू नका. हात मांडीवर टेका, पाठ भिंतीलाच ठेवा आणि वर सरका.